सुई बदलली होती

मास्तरणीच्या कात्रीला धार होती, आणि जिभेला त्याहून जास्त. कोट, पॅन्ट आणि शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा उभा जन्म गेला; टेलर मास्तर तशी ती मास्तरीण. दुकानात मशीन एकच. "माझ्याआधी कुणाचं मळकं कापड घातलं होतंत यात?" असं कुणी कुरकुरलं की तिचं उत्तर ठरलेलं, "सुई बदलली की मशीन नवी!" हे ऐकून ऐकून घरातल्यांचे कान किटले होते.

घरातले म्हणजे नवरा आणि बेबी. बेबी ही धाकटी नणंद. पन्नाशीकडे झुकली तरी बेबीच. नवऱ्याशी भांडून चार दिवस म्हणून भावाकडे आली आणि ठाण मांडून बसली. मास्तरणीला ती डोळ्यांसमोर नको असे. बेबीचं माप घेताना ती कंबरेचा आकडा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा सांगे. "पुन्हा शिवण सोडायची? आता आत कापडच उरलं नाही, बाई!" गिऱ्हाईकं फिदीफिदी हसत. बेबी मनात डूख धरी.

मास्तरणीला डायबेटिस. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं इंजेक्शनचं पेन दिलं. सुरुवात अगदी थोड्या मात्रेने. तरीही मळमळ झाली, उलट्या झाल्या. थोडं थोडं खात, पाणी पीत तिने ते दिवस काढले. मात्रा हळूहळू वाढवत नेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पोटात असह्य दुखून पाठीत कळ गेली, तर घरी थांबायचं नाही. आणि पेन दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"मी माझी कात्री कुणाला देत नाही, पेन काय देणार!" मास्तरीण म्हणाली होती.

पेन फ्रिजच्या दारात असे, शेजारी नव्या सुयांची डबी. त्या इंजेक्शनाने भूक मरून मास्तरीण बारीक होत चालली, स्वतःच्या कपड्यांची शिवण आत घेऊ लागली. बेबी ते बघत होती.

एक दिवस बेबी उलट्यांनी आडवी झाली. पोट धरून कण्हायला लागली. नवरा मास्तरणीवरच उखडला. "काय घातलंस तिच्या जेवणात? तुझ्या डोळ्यांत सलतेच ती!"

"घालायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का?" मास्तरीण कडाडली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरलाही अन्न बाधल्यासारखंच वाटलं. उलटीचं औषध देऊन तो घरी पाठवायला निघाला. तेवढ्यात बेबी कळवळली, "पाठीत कळ येतेय हो!" मास्तरणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बेबीच्या कानाशी वाकली. "माझं पेन टोचलंस?"

बेबीने तिचा हात घट्ट धरला. "वहिनी, पाया पडते, सांगू नका. दादा घराबाहेर काढेल."

गप्प बसली असती तर पीडा कदाचित कायमची टळली असती. हा विचार मास्तरणीच्या मनात आला, नाही असं नाही. पण तिने हात झिडकारला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली, "डॉक्टर, हिने माझं डायबेटिसचं इंजेक्शन चोरून घेतलंय! मला महिनोन्महिने चढवत नेलेली मात्रा हिने पहिल्याच खेपेला घेतली!"

डॉक्टरचा चेहरा बदलला. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाला सूज होती. बेबीला सलाइन लावून ठेवून घेतलं. मग डॉक्टर मास्तरणीकडे वळला. "हिने टोचल्यानंतर तेच पेन तुम्ही वापरलंत?"

"वापरलं. का?"

"तुमचंही रक्त तपासावं लागेल. सुई बदलली तरी एकाचं रक्त पेनात मागे जाऊ शकतं. कावीळ, एचआयव्ही, काहीही लागू शकतं."

 शेजारच्या स्टुलावर बसवून नर्सने मास्तरणीच्या दंडाला पट्टा आवळला. खाटेवरून बेबी रडत म्हणाली, "मी सुई बदलली होती हो, वहिनी. दर वेळी बदलली. तुम्हीच तर सांगता..."

"मशीनला रक्त नसतं, भवाने!" मास्तरीण खेकसली, आणि नर्सपुढे मूठ आवळून हात धरला.