चुका काढायचा खेळ

सोनम लेंगरे आमच्या ऑफिसात आली आणि त्या दिवसापासून ऑफिसला शिस्त म्हणून राहिली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगतोय. कौतुकही आहे, पण ते मागाहून.

आमचं ऑफिस म्हणजे सांगलीत हळदीच्या एका गोदामावरच्या दोन खोल्या. खाली पोती हलली की वर आम्ही शिंकतो. तिथं बसून मी, म्हणजे जयराज, सॉफ्टवेअर लिहितो. पण लिहायच्या आधी कुणीतरी जाऊन, ज्यांना ते वापरायचंय त्यांना काय हवंय, त्यांचं काम कसं चालतं, हे विचारून यावं लागतं. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट घेणं म्हणतात, आणि याच्याइतकं रटाळ काम दुसरं नाही. आपण कागदावरचे प्रश्न वाचायचे आणि समोरच्यानं जांभया द्यायच्या. मला ते कधीच जमलं नाही, म्हणून सोनमला घेतलं.

सोनम जत तालुक्यातली, मेंढपाळाच्या घरातली. तिचे वडील भाऊसो अजूनही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या शिवारात उतरतात. लहानपणी तीही कळपामागं चालली, मग आत्याकडं राहून शिकली, आणि इंजिनिअर झाली तरी तिची चालत राहायची खोड काही गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत ही बाई मार्केट यार्डात फिरून हमालांशी गप्पा मारून यायची. एसटीच्या कंडक्टरला "तुमच्या तिकीट मशीनचं कुठलं बटण अडकतंय?" असं विचारून मागची रांग खोळंबून ठेवायची. परक्या माणसाशी पाच मिनिटांत मावशी-काका करून मोकळी. मला हे सगळं जरा अतीच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तासगावच्या पुढं नानासोंच्या बेदाणा शेडचं काम आलं. शेड मोठी. आसपासचे लहान बागायतदार आपापली द्राक्षं आणून तिथं वाळत घालतात. तेल-पावडरच्या पाण्यात बुडवलेली द्राक्षं एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा दिवसांनी बेदाणा झाडून पेट्या भरायच्या. एका शेडीत दहा-बारा जणांचा माल, त्यामुळं कुणाचा कुठला हे सांभाळणं महत्त्वाचं. ते वीस वर्षं कुंडलच्या शालूबाई सांभाळत होत्या. बायकांच्या टोळीच्या त्या मुकादम. हंगामात शेडवरच्याच खोलीत राहायच्या. त्यांच्या हातून एकदाही मालाची अदलाबदल झाली नव्हती, असं नानासो स्वतः सांगायचे.

सोनम शेडवर चार दिवस राहिली. बेचाळीस प्रश्न होते. "प्रत्येक जाळीला नंबरचं लेबल लावलं तर चालेल?" व्हय. "मोबाईलनं लेबल स्कॅन करता येईल?" व्हय की. "काही अडचण?" छे, कसली अडचण! वर प्रत्येक व्हयला एक चहा. ती खूश होऊन परत आली, मी सॉफ्टवेअर लिहिलं, आणि मार्चमध्ये सगळा घोटाळा झाला. कोंडीबाचा हिरवागार बेदाणा जोतीरामच्या नावानं पेटीत गेला आणि जोतीरामचा काळपट माल कोंडीबाच्या. सौद्यात पेट्या फोडल्या तेव्हा कोंडीबानं डोक्याला हात लावला.

नानासोंनी मला बोलावून विचारलं. मी सॉफ्टवेअर इकडून तिकडून तपासलं. ओळ न् ओळ बरोबर होती. मी भर शेडीत, सगळ्यांसमोर सांगितलं, "मशीन चुकलेलं नाही. माल उतरवताना बाईंची गफलत झाली असणार."

 शालूबाईंनी खोलीतलं गाठोडं उचललं आणि कुंडलची एसटी धरली. त्यांचा मुलगा शिवतेज म्हणाला, आई, आता तुझं वय झालं, घरात बस. मुकादमकी मनुबाईंकडं गेली. मनुबाई शालूबाईंची जिवाभावाची मैत्रीण. त्यांनी काम घेतलं, पण रडत घेतलं.

मी ते प्रकरण मनातून काढून टाकलं. सोनमला काही ते जमेना.

"आरं जयराज, वीस वर्षं न चुकलेली बाई नेमकी आपलं सॉफ्टवेअर आल्यावरच कशी चुकली?"

"वय होतं माणसाचं."

"आणि आपलं डोकं? ते कवा व्हायचं मोठं?"

असं ती रोज बोलायची. पुढचा हंगाम तोंडावर आला तशी तिनं नानासोंना फोन करून एक दिवस मागितला. म्हणाली, चूक सापडली तर शालूबाईंना मानानं परत बोलवायचं. नानासो हो म्हणाले.

"पुन्हा बेचाळीस प्रश्न विचारणार?" मी विचारलं.

"एकबी न्हाई," सोनम म्हणाली. "तिथंच माझं चुकलं. आमच्या वाड्यावर, म्हंजी मेंढरं बसवतो तिथं, पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, दूध हाय का पुरेसं, तर माझा बा काय सांगतो? लय हाय. मग आमी पोरं कोऱ्या चहावर. पाहुण्याला न्हाई म्हणायचं नसतंय रं. मी पाहुणी म्हणून गेले, चहा प्याले आणि प्रश्न विचारले. कोण न्हाई म्हणंल मला?"

"मग?"

"माणसाला न्हाई म्हणवत न्हाई, पण टीव्हीतल्या माणसाच्या चुका काढायला सगळ्यांनाच आवडतंय. मॅच बघताना बघ की."

आणि मग माझे हाल सुरू झाले. सोनमनं ऑफिसात खुर्च्यांना हिरवी जाळी बांधून शेड उभी केली. मला डोक्याला टॉवेल गुंडाळून बेदाणा कामगार केलं. ती मोबाईलवर शूटिंग करणार आणि मी मुद्दाम सगळं चुकीचं करणार. मी चप्पल घालून जाळीवर चढलो. द्राक्षांचे घड न बुडवताच पसरले. ओला बेदाणा पेटीत भरला. खालचा हळदवाला वर येऊन दारात उभा राहून हसत होता. पंधरा वर्षं कमावलेली माझी अब्रू एका दुपारी गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी, शेड रिकामी असताना, खेळ ठरला. आदल्या दिवशी सोनम स्वतः कुंडलला गेली. शालूबाई आधी येईनात. "मी कशाला? मला आता काय कळतंय?" म्हणाल्या. सोनम ओसरीवर बसून राहिली, आणि शेवटी मनुबाईंना फोन लावून दिला. मैत्रिणीनं काय शिव्या घातल्या देव जाणे, पण शालूबाई आल्या. आल्या आणि सगळ्यात मागं, दाराशी बसल्या.

नानासोंच्या घरचा टीव्ही शेडीत आणला होता. एका बाजूला बागायतदार, एका बाजूला बायका. दोन्हीकडं एकेक स्टीलचं ताट आणि पळी. चूक दिसली की ताट वाजवायचं, चूक सांगायची, की एक गुण. हरणाऱ्या बाजूनं सगळ्यांसाठी भजी तळायची. पुरुष तळणार म्हटल्यावर बायकांच्या अंगात वारंच शिरलं.

पडद्यावर मी दिसलो मात्र, हशा उसळला. ताटं अशी वाजली की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"चपला घालून चढलाय मुडदा!"

"आवं, बुडवल्याबिगर पसरतोय! म्हैना झाला तरी वाळायचं न्हाई ते!"

"हात बघा, हात! बेदाणा काढतोय का कापूस?"

गेल्या वर्षी चार दिवस जी माणसं व्हय व्हय करत होती ती हीच का, असा मला प्रश्न पडला. सोनम कोपऱ्यात बसून वहीत भराभरा लिहीत होती. बेचाळीस प्रश्नांत जे कळलं नव्हतं ते दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये कळत होतं. फक्त शालूबाईंचे हात मांडीवर तसेच होते.

मग दुसरी फिल्म लागली. ही मुद्दाम चुकवलेली नव्हती. आमच्या सॉफ्टवेअरप्रमाणं काम कसं करायचं ते यात होतं. मी ओली द्राक्षं पसरतो, जाळीच्या काठाला नंबरचं लेबल चिकटवतो, मोबाईलनं स्कॅन करतो. मला वाटलं, आता ताटं गप्प बसतील.

मनुबाईंनी ताट वाजवलं.

"काय चुकलं, मावशी?" सोनमनं विचारलं.

"आगं, वरनं तेलाचं पाणी ठिबकतंय. ते लेबल काय ऱ्हातंय व्हय? दोन दिसांत गळून खाली पडतंय."

"मग गेल्या वर्षी पडली तवा काय केलंसा?"

मनुबाई खेळाच्या भरात होत्या. सरळ बोलून गेल्या. "काय करतोय? वाळल्यावर गोळा केली आणि ज्या जाळीला न्हाई तिला एकेक चिकटवली. तू सांगितलं हुतंस न्हवं, एकबी जाळी लेबलाबिगर ऱ्हाता कामा न्हाई? एवढी सांगलीस्नं आलेली पोरगी, तिचं काम आमच्यामुळं अडायला नगो म्हणून..."

बोलता बोलता त्या थांबल्या आणि दाराशी बसलेल्या शालूबाईंकडं बघू लागल्या.  म्हणजे कुठलं लेबल कुठल्या जाळीला गेलं, याचा काही नेमच नव्हता.

सोनमनं टीव्ही बंद केला. "शालूमावशी," ती म्हणाली, "ही लेबलं नव्हती तवा कुणाचा माल कुठला, हे तुमाला कसं कळायचं?"

शालूबाईंनी मान वर केली नाही. "चिंधीवरनं."

प्रत्येक बागायतदाराच्या घरचा जुन्या लुगड्याचा तुकडा त्या हंगामाच्या सुरुवातीला मागून घ्यायच्या आणि त्याच्या जाळ्यांना गाठ मारायच्या. बेचाळीस प्रश्नांत चिंधी कुठंच नव्हती, म्हणून त्यांनीही सांगितली नव्हती. गेल्या वर्षी लेबलं असूनही सवयीनं बांधलेल्या चिंध्या तर अजून जाळ्यांनाच होत्या. कुणी सोडायला आलंच नव्हतं.

सोनम त्यांना हाताला धरून जाळ्यांपाशी घेऊन गेली. सगळी माणसं मागं. धुळीनं चिंध्यांचे रंग उडालेले. शालूबाईंनी पहिली गाठ बोटांनी चाचपली. "ही जोतीरामची." पुढची. "ही पण त्याचीच." तिसऱ्या थराला हात लावला आणि क्षणभर थांबल्या. "ही कोंडीबाची."

कोंडीबा पुढं झाला. "व्हय. आमच्या मंडळीच्या पातळाचीच हाय."

त्याच जाळीच्या काठाला आमचं लेबल होतं, सदतीस नंबरचं. मी मोबाईल काढून गेल्या वर्षीची नोंद बघितली. सदतीस म्हणजे जोतीराम. पुढची जाळी बघितली, तिच्या पुढची बघितली. चौदा जाळ्यांवर चिंधी एक सांगत होती आणि मोबाईल दुसरंच. ज्यानं त्यानं आपल्या घरची चिंधी ओळखली; चौदाच्या चौदा वेळा चिंधी खरी.

"पेट्या भरताना मी मोबाईल धरणाऱ्या पोराला म्हणाले हुते," शालूबाई हळूच बोलल्या, "का ह्यो माल कोंडीबाचा हाय. त्यो म्हणाला, मशीन जोतीराम दावतंय. मी म्हणलं, मशीन कशाला खोटं बोलंल? मीच इसरले आसंन." त्यांनी चिंधी मुठीत धरली होती. "तवापास्नं वरीस झालं, मी चूल इझीवली का, हे उठून तीन-तीनदा बघतीया. नातवंडाला हाक मारायच्या आधी मनात नाव म्हणून बघतीया. वाटायचं, आपलं डोस्कं गेलं."

सोनम तिथंच त्यांच्या गळ्यात पडली आणि ढसाढसा रडली. "मावशी, चूक माझी हुती. मी नीट इचारलंच न्हाई."

नानासोंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "शालूबाई, मुकादमकी तुमचीच," म्हणाले. मनुबाईंनी तर आधीच किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या पदरात टाकला होता.

मी मागं उभा होतो. मला शरम वाटत होती, आणि शरम वाटली की मला बोलता येत नाही. शालूबाईंनी वळून मला शोधलं.

"बाबा, तू सगळ्यांम्होरं बोलला हुतास, चूक बाईची म्हणून. ते माझ्या पोरानं ऐकलं, सुनंनं ऐकलं. आता घरी जाऊन मी सांगून त्यांना पटायचं न्हाई. तू टीव्हीत चांगला दिसतोस. तसंच एक बोलून दे."

सोनमनं डोळे पुसले आणि मोबाईल धरला. मी जाळ्यांपुढं उभा राहिलो. "गेल्या वर्षी शेडवर जी चूक झाली," मी सुरू केलं, "ती आमच्या यंत्रणेत काही त्रुटी राहिल्यामुळं..."

"थांब," शालूबाई म्हणाल्या. "आसं नगं. माझं नाव घे."

सोनमनं पुन्हा बटण दाबलं.

"शालूबाई चुकल्या नव्हत्या," मी म्हणालो. "शालूबाई बरोबर होत्या. चुकलो मी."

त्यांनी मोबाईल हातात घेऊन ते दोनदा बघितलं. मग सोनमला म्हणाल्या, "आवाज वाढीव की गं पोरी." आणि तिसऱ्या वेळी डोळे मिटून नुसतं ऐकत बसल्या.