ठिपकेताई आणि अडलेली बांधणी

ब्रेल छापखान्यात तिला सगळे ठिपकेताई म्हणत. नाव ठेवलं मास्तरांनी आणि ते चिकटलं ते कायमचं. सव्वीस वर्षं तिचं काम एकच: पुस्तक कॉम्प्युटरवर चढवायचं, अक्षरांचे ठिपके करायचे, जाड कागदावर ते उठवायचे आणि पानं मास्तरांच्या पुढ्यात ठेवायची. मास्तर म्हणजे तिथले मुद्रितशोधक. जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्यांच्या तर्जनीतून एक चूक सुटेल तर शपथ. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून ती दोघं जितकी भांडली असतील, तितकी ठिपकेताई नवऱ्याशीही भांडली नव्हती. आणि मास्तर एक दिवस रजेवर गेले, की दुपारचा डबा तिला गोड लागत नसे.

एका सोमवारी जुना कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाला आला, त्यानं झाकण उघडलं, हुंगलं आणि म्हणाला, "बाई, याला आता सुखानं जाऊ द्या." नवा विंडोजचा कॉम्प्युटर आठवड्यात आला, पण ठिपके करणारा जुना प्रोग्राम त्यावर काही केल्या चालेना. तो बनवणारे लोक केव्हाच धंदा गुंडाळून गेले होते.

नेमकं तेव्हाच नववीच्या बीजगणिताचं पुस्तक हाती होतं. ते एका मुलीसाठी होतं आणि तिची आई दर शुक्रवारी फोन करायची. कधी रागावली नाही, तेच जास्त लागायचं. "बाकीच्या मुली तिसऱ्या धड्यावर गेल्या हो ताई," एवढंच म्हणायची. हातानं एकेक ठिपका मारत बसलं, तर पुस्तकाला पाच महिने लागले असते. परीक्षा दोन महिन्यांवर होती.

व्यवस्थापकांनी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि खुशीत येऊन म्हणाले, "मिळालं! पायथनमधलं पॅकेज आहे, गणिताचंसुद्धा ब्रेल करतं. एक ओळ टाइप करायची, की आपोआप बसतं." एवढं बोलून ते मीटिंगला निघून गेले. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पायथन ही कॉम्प्युटरशी बोलायची भाषा आणि पॅकेज म्हणजे त्या भाषेत कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम, एवढं ठिपकेताईला कळलं. तिनं ती एक ओळ टाइप केली. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावली आणि मग लाल झाली. पानभर लाल!

दुसरं कुणी असतं तर खिडकी बंद करून मोकळं झालं असतं. पण न कळणारा मजकूर अक्षर न चुकवता उतरवून घेणं हाच तिचा सव्वीस वर्षांचा धंदा. रेघांची वही काढून तिनं ते लाल पान जसंच्या तसं उतरवलं, मग शब्दकोश घेऊन लावत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्थ लागला. पॅकेजचा आतला भाग वेगळ्या, जुन्या भाषेत लिहिलेला होता. तो तयार मिळत नव्हता, याच मशीनवर बांधावा लागणार होता आणि बांधणारा कंपायलर मशीनवर नव्हताच.

"काय गं, घोडं कुठं पेंड खातंय?" मास्तरांनी विचारलं.

"बांधणी अडलीय," ती म्हणाली.

हे शब्द कुणीतरी खाली नेले. दहा मिनिटांत छापखान्याचा बाइंडर, हाताला सरस, कानावर पेन्सिल, तणतणत वर आला. "बांधणी अडली म्हणे! अहो, माझ्याकडे पानंच आली नाहीत, तर अडेल कशी? उगाच माझ्या नावानं शंख करू नका!" त्याला समजावता समजावता ठिपकेताईच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून आलं, असं तिनं सांगितलं.

कंपायलर इंटरनेटवरून उतरवायलाच दोन दिवस गेले. पहिल्यांदा तिनं भलत्याच चौकटीवर खूण केली आणि नको तेच सामान मशीनवर येऊन बसलं. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. घरी सासूबाई रोज संध्याकाळी दारातच विचारायच्या, "लागलं का गं ते तुझं?" जणू एखादं लग्न जुळवायचं होतं. "आज नाही जमलं, आई," ती चपला काढत म्हणायची. "मग सोड ते, दुसरं बघ," सासूबाईंचा सल्ला ठरलेला.

कंपायलर आला, पण लाल पान गेलं नाही. फक्त मजकूर बदलला. आता तक्रार अशी, की पॅकेजची माहिती लिहिलेल्या फाइलमधलं एक अक्षर उलगडता येत नाही. ठिपकेताईनं ती फाइल उघडून पाहिली तर सगळं नीट दिसत होतं. तिनं पायथन काढून पुन्हा घातलं. पॅकेज दोनदा नव्यानं उतरवलं. तीन दिवस गेले. शुक्रवारी फोन वाजला तेव्हा तिनं पहिल्यांदाच तो उचलला नाही, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडून राहिली.

मास्तर म्हणाले, "वाच बघू मला, काय म्हणतंय ते."

तिनं वहीतून वाचून दाखवलं.

"फाइल बिघडलीय का?"

"नाही हो. मला तर स्वच्छ वाचता येते."

"म्हणजे लिहिणारा बरोबर आहे, वाचणारा गडबडतोय." मास्तरांनी समोरचं एक पान ओढलं. "डोळे मिट. बोट दे इकडं. हे काय?"

तिच्या बोटाखाली एकुलता एक ठिपका होता. "अ," ती म्हणाली.

"जरा मागं सरक."

मागं अंकाची खूण होती. "अगंबाई, एक!"

"ठिपका तोच. खूण हुकली, की एकाचा अ होतो. तुझ्या विंडोजला कुणी सांगितलंय का, ही फाइल कुठल्या खुणेनं वाचायची ते? ज्यानं लिहिली त्याच्या मशीनला न सांगता कळत असेल, ते घरचं माणूस. हा पाहुणा. याला सांगायला नको?"

ठिपकेताई डोळे उघडून त्यांच्याकडे बघतच राहिली. ज्या माणसानं जन्मात पडदा पाहिला नाही, त्यानं बसल्या जागी दुखणं ओळखलं होतं.

पॅकेज लिहिणाऱ्याचा पत्ता त्याच फाइलमध्ये होता. तिनं शाळेतल्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: तुमची फाइल कुठल्या लिपीसंकेतात आहे, आणि ते वाचणाऱ्याला कुठे सांगायचं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा दूरच्या देशातला निवृत्त गणितशिक्षक होता. 'विंडोजवाले मला "चालत नाही" एवढंच लिहितात आणि निघून जातात,' त्यानं लिहिलं होतं. 'माझ्याकडे विंडोज नाही, त्यामुळे मी नुसता बसून राहतो. इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.' खाली, कुठल्या ओळीत कोणता शब्द घालायचा ते होतं. आणि गोंधळ घालणारं ते अक्षर त्याच्याच आडनावातलं होतं. त्याच्या भाषेत त्या अक्षराच्या डोक्यावर दोन ठिपके देतात.

"ऐकलंत का मास्तर? जन्मभर ठिपके सांभाळले आणि छळलं कुणी, तर ठिपक्यांनीच!"

तिनं शब्द घातला, ओळ पुन्हा टाइप केली आणि टेबलाची कड धरून बसली. पांढरी अक्षरं वर सरकत राहिली. मध्येच काही सूचना आल्या, पण अक्षरं थांबली नाहीत. शेवटी एक साधी ओळ उमटली: पॅकेज बसलं. ती ओळ तिनं तीनदा वाचली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पहिलं समीकरण कागदावर उठलं आणि पान मास्तरांकडे गेलं. तर्जनी डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. "हं," ते म्हणाले, "दुसरं पान दे." मास्तरांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती. तिनं आधी पान दिलं आणि मग त्या मुलीच्या आईला स्वतःहून फोन लावला.

पुस्तक तीन आठवड्यांत झालं, पाच जाड खंडांत. न्यायला मुलगी स्वतः आली. पहिला खंड तिनं पिशवीत घालूच दिला नाही, व्यवस्थापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून तिथंच वाचायला लागली. आई बाकी खंड घेऊन उभी राहिली आणि ठिपकेताई दारातून बघत राहिली.

त्या शिक्षकानं नंतर तिला गळ घातली, की विंडोजवर पॅकेज कसं बसवायचं ते तुम्हीच लिहा. तिनं वहीतून काढून तेरा पायऱ्या लिहिल्या. व्यवस्थापकांनी तिचं इंग्रजी सुधारलं, तिनं त्यातलं अर्धं पुन्हा मोडलं, कारण सुधारलेलं तिला स्वतःलाच कळेना. 'लाल अक्षरं आली तर घाबरू नका, ती रागावलेली नसतात,' हे वाक्य तिनं कुणालाही काढू दिलं नाही. पुढच्या आवृत्तीपासून ते सगळं पॅकेजसोबतच जाऊ लागलं.

आता ती निवृत्त झालीय. मास्तर तिच्या वर्षभर आधीच निवृत्त झाले. दर मंगळवारी दुपारी ते तिच्या घरी येतात, सासूबाई त्यांना खुर्ची देतात, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या ब्रेल छापखान्यांची, अंधशाळांची आलेली पत्रं ठिपकेताई वाचून दाखवते. "यांचं लागलं का?" सासूबाई विचारतात. नसेल लागलं, तर तिघांची चर्चा होते आणि ठिपकेताई चष्मा पुसून लिहायला घेते: 'आधी मला सगळा लाल मजकूर पाठवा. एक अक्षरही गाळू नका.'