शेवटची रांग कुठाय?

कुठल्याही गोष्टीच्या वरच्या थरावर अजिबात विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नवऱ्याचा मामा निघावा हे माझं नशीब. उभी हयात मामांनी हळदीच्या बाजारात एका अडत्याकडे माल पारखला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातलं हळकुंड काढायचं, कडकन मोडून आतला रंग बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. बाजार सुटला, सवय सुटली नाही. त्यांना लांबून येताना बघितलं की भाजीवाली टोपली झाकते, कारण ते भेंडी बुडातून उपसतात. कापडाच्या दुकानात त्यांनी ढिगातला अगदी खालचा शर्ट ओढला आणि सगळा ढीग माझ्या दिरांच्या अंगावर आला. पंगतीत वाढप्याला थांबवून म्हणतात, “बाबू, वरण बुडातून घाल.” याच दिरांसाठी मुलगी बघायला गेलो, तर हे पोहे टाकून परसात, घासायला पडलेली भांडी बघायला! “समोरची खोली तर कोण बी झाडतंय,” म्हणाले. ती सोयरीक अर्थातच जमली नाही.

अशा माणसाला मी ओवीच्या डान्स क्लासच्या भानगडीत कशाला घेतलं असतं? ओवी म्हणजे माझी सहा वर्षांची लेक. लेकरू कसलं, भिंगरी आहे नुसती. बसून जेवत नाही, चालत शाळेत जात नाही, झोपेतसुद्धा कॉटच्या या टोकाची त्या टोकाला जाते. मी दिवसभर कचेरीत फायली उपसून घरी येते, तेव्हा ही सोफ्यावरून टीव्हीच्या स्टँडवर उडी मारायच्या तयारीत असते. संध्याकाळी एक तास कुणीतरी तिला सांभाळावं आणि मी पंख्याखाली आडवं पडावं, एवढीच माझी कलेची ओढ.

डेपोजवळच्या एका क्लासला तिला घेऊन गेले, आणि लबाडी केली. आधी बघून मग घेतात असं कळलं होतं, म्हणून जायच्या आधी मैदानावर तिला तीन फेऱ्या पळवली. दमलेली ओवी तिथं देवासारखी उभी राहिली. सर म्हणाले, “किती शांत मुलगी आहे!” चौथ्या दिवशी त्याच सरांचा फोन. “मॅडम, हिला घेऊन जा. रांगेत थांबत नाही, बाकीच्यांना पण बिघडवून राहिली.” मी तिला स्कूटीवर मागे बसवून निघाले. घराशी उतरल्यावर म्हणाली, “मम्मी, मी खराब आहे का?” शाळेच्या गॅदरिंगमधूनही तिला याच कारणानं काढलं होतं. आणखी एका दारातून परत आली असती, तर या प्रश्नाचं उत्तर तिनं स्वतःच ठरवून टाकलं असतं.

मामांना हे कळलं, आणि ते सकाळीच चपला घालून दारात. “ओली हळद वाळलेली म्हणून खपवली तू, सूनबाई. बुरशी येणारच की.” मग पारख सुरू झाली. नमुना बराबर दिला पाहिजे म्हणून ओवीला दुपारी झोपवायची, उठल्यावर गूळ-शेंगदाणे चारायचे आणि पूर्ण ताकदीनिशी क्लासवर न्यायची, हा त्यांचा नियम. माझ्या जिवाचं काय होत होतं ते मलाच माहीत.

पहिल्या ठिकाणी भिंतभर आरसा, रंगीत दिवे, आणि पुढच्या चार पोरी अशा काही नाचत होत्या की मी तिथंच नाव घालणार होते. मामा सरळ मागे गेले. शेवटच्या रांगेत एक पोरगा बुटाची लेस तोंडात धरून बसला होता. “याचं नाव काय?” मामांनी सरांना विचारलं. सर आठवत राहिले. मामा निघाले. दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, पहिले दोन महिने नुसतं बसून हातांचा सराव. ओवी तेवढ्यात खिडकीच्या गजावर चढली होती. मामा म्हणाले, “दोन मिनिटं म्हणल्या असत्या तर विचार केला असता.”

“मामा, कुठला तरी एक घेऊन टाका हो,” मी रडकुंडीला आले. पाय मोडून आले होते. “तुझी तकलीफ आठ दिवसाची, लेकराची जन्माची. चाल,” म्हणाले.

तिसरा क्लास एका शाळेच्या पटांगणात, लिंबाखाली. शिकवणाऱ्या बाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या. पोरं गोल धरून नाचत होती. मामांनी गोलाभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी. घामाघूम झाले. शेवटी म्हणाले, “बाई, शेवटची रांग कुठाय?”

“रांग काहून लागतीय, काका? आमच्या तांड्यावर बाया गोलातच नाचतात. गोलात मागं कोण ऱ्हातंय?”

एवढ्यात ओवी माझा हात सोडून गोलाच्या मधोमध! तिथं गिरक्या घ्यायला लागली. मी धावले, तर बाईंनी मला हातानंच थांबवलं. “राहू द्या ताई. पळून पळून किती पळंल? गोलातच हाय ती.” आणि खरंच, जरा वेळानं ती एका पोरीचा हात धरून गोलात नाचायला लागली. तासभरात तिला कुणीही नीट उभी राहा म्हटलं नाही.

मामा ओट्यावर बसले होते. आता काय खोट काढतात म्हणून मी शेजारी टेकले. ओवीकडे बघत ते म्हणाले, “आमची बी अशीच होती.”

आमची म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझ्या वन्सं. वाशिमला दिलेल्या. विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत, की जागचं हलायच्या नाहीत. माझा विश्वासच बसेना.

“व्हय. मास्तर म्हणले, बसवा हिला. मी लई कडक माणूस. बसवली. दोन वर्षांत बसली, सूनबाई. ती अजून उठली न्हाई.”

वन्संच्या गरीब स्वभावाचं कौतुक मीही दहादा केलं होतं.

ओवी आता तिथंच जाते. मी मात्र पंख्याखाली काही पडलेली नाही, कारण घरी आल्यावर तिला सगळा नाच मला शिकवायचा असतो. परवा दिवाळीला वन्सं आल्या होत्या. सगळे फराळाला बसलेले, ओवी ताटांमधून नाचत फिरत होती, आणि वन्सं नेहमीसारख्या भिंतीशी, हात मांडीवर ठेवून. मामा एकदम म्हणाले, “तू बी जात जा की गं एखाद्या क्लासला. वाशिमात असतीलच.”

चाळिशी उलटलेली बाई! सगळे खो खो हसले. तोंडाला पदर लावून वन्संही हसल्या. “आता कुठं, बाबा,” म्हणाल्या.

मामा हसले नाहीत. लाडू ताटात ठेवून, तिच्याकडे न बघता पुन्हा म्हणाले, “जात जा.”