आमची फार गुणी पोर

मैत्रिणींनो, आज दुपारी दिंडोरीच्या आमच्या बागेत साडेतीन वर्षांच्या स्वराने द्राक्षाचा एक मणी माझ्या हातावर ठेवला. डोळ्यांत बघून म्हणाली, “आई, घे.”

दीड वर्षाची असताना ती वेलीखाली तासन् तास मणी रांगेत लावायची. रडणं नाही, हट्ट नाही. “किती गुणी पोर!” म्हणत आम्ही निवांत काम करायचो.

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “हाक मारून बघ, वळते का.” वळली नाही. मी त्यांच्यावरच भडकले. तरी नाशिकला तपासणीला आम्हाला त्याच घेऊन गेल्या. ऑटिझम निघाला, थेरपी लगेच सुरू झाली.

तुमचंही लेकरू असंच ‘गुणी’ असेल, तर एकदा हाक मारून बघाल?

मघाशी ताईंना फोन करून मण्याचं सांगितलं. “तेव्हा नको ते बोलले हो तुम्हाला.”

“ते सोड. मणी खाल्लास का?”

नाही खाल्ला. अजून मुठीतच आहे.