जहाजाचा उशीर

शहाद्याजवळच्या आमच्या केळी पॅकिंगच्या शेडचा मॅनेजर परदेशी खरेदीदाराचा फोन उभा राहूनच घ्यायचा, मान हलवत 'येस सर' म्हणायचा. फोन ठेवला की आम्हा बायांवर ओरडायचा.

एकदा जहाजाला उशीर झाला, केळी वाटेतच पिकली आणि खरेदीदाराने माल नाकारला. मॅनेजरने कागद आणला. पॅकिंग आम्हीच चुकीचं केलं, असं त्यावर लिहिलं होतं.

"सह्या करा. कंपनीला कारण दाखवावं लागतं."

शेजारची सुमनबाई म्हणाली, "साहेब, जहाज बी आम्हीच चालाडतस का?"

त्याने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मग कागद माझ्यापुढे आला. मी सही केली.

त्या दिवसापासून मॅनेजर येता-जाता मला विचारतो, "काय ताई, बरं शे ना?"

"हो साहेब," माझ्या तोंडून निघतं, आणि दिवसभर माझीच मला चीड येते.