कब्रेरांच्या भुवया

उरुग्वेतल्या आमच्या ताला गावात कब्रेरा घराण्याला सगळे शिष्ट म्हणत. मान मागे टाकून, नाकाच्या शेंड्यावरून बघायची त्यांची सवय. एलादिओ कब्रेरा माझा ट्रुकोतला जोडीदार, त्यामुळे तो शिष्टपणा मीच जास्त सोसला.

ट्रुको हा पत्त्यांचा डाव. जोडीदाराला चेहऱ्यानं खुणा करायची त्यात मुभा असते. भुवया उडवल्या की समजायचं, हुकमाची दुर्री हातात आहे, सगळ्यांत मोठं पान. एका रविवारी एलादिओच्या भुवया उडाल्या आणि मी छातीठोकपणे "ट्रुको!" ओरडून पैज वाढवली. त्याच्या हातात दुर्री नव्हतीच. पैजेचं कोकरू गेलं.

"भुवया कशाला नाचवतोस रे?"

"पापण्या पडतात, गाढवा! भुवयांनी उचलून धरतो."

मीच त्याला ओढत माँटेव्हिडिओला नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पापणी वयानं ढिली होते, नस बिघडूनही पडते. कुणाची सकाळी ठीक असते, स्नायू थकले की संध्याकाळी मिटते. "तुमची मात्र रक्तातून आलीय. पापणी टाके घालून वर घेऊ. पण या दुखण्यात पुढे घसा जातो, घास उतरत नाही. आणि मुलांना येण्याची शक्यता निम्मी."

एलादिओचे वडील चारचौघांत मांस खात नसत. आम्ही म्हणायचो, काय हा माज! शेवटी ते अन्नावाचून वाळून गेले.

"यानिनाला बोलायचं नाही," परतताना एलादिओ म्हणाला. यानिना त्याची एकुलती एक लेक, नुकतीच चाळिशी ओलांडलेली.

"अरे, पण तिला कळायला नको?"

"औषध आहे का यावर? मग आत्तापासून तिचा घास कशाला कडू करू?"

टाकेही घालून घेतले नाहीत. लेकीनं कारण विचारलं असतं. नुसत्या सूपवर राहायचा आणि जेवताना तिच्या डोळ्यांकडे बघत बसायचा. मलाही तोंड उघडता येईना. राग यायचा, त्याचा आणि माझाही.

गेल्या महिन्यात माझं मनगट मोडलं, म्हणून यानिना माझ्या जागी खेळायला बसली. मी शेजारी खुर्ची ओढली. तिसऱ्या डावाला तिच्या भुवया वर गेल्या. एलादिओ खूश. "ट्रुको!" त्यानं टेबलावर मूठ आपटली.

हरल्यावर यानिनानं पानं उलटली. हुकमाचं एकही नव्हतं.

"बाबा, कशाच्या जिवावर बोललात?"

"तू खूण केलीस ना?"

"मी? छे! कधी?"

ती हसत होती, मान जराशी मागे टाकून. एलादिओनं पत्ते गोळा केले आणि पिसत राहिला. वाटायचं नावच काढेना.