हनीफभाईंचा खुराक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. मग तुम्हाला काऊन सांगतेय? — कोण जाणे. परवा एका लग्नात पोटभर जेवले, गाल दुखेपर्यंत हसले, आणि परतताना गाडीत वाटलं, हे आता माझ्या पोटात राहायचं नाही.

आधी थोडं हसून घेऊ. गोष्ट मुळात हसायचीच आहे.

मी जनावरांची सरकारी डॉक्टर. पण गोठ्यागोठ्यानं इंजेक्शनं टोचत फिरणारी नव्हे — माझं काम दुकानांचं. जनावरांची औषधं कोण कशी विकतो, मुदत संपलेली बाटली कुठल्या फळीमागे दडवलीय, ढेपेत म्हणजे पेंडीत, खुराकात काय मिसळलंय, ते बघायचं. संशय आला की नमुना घ्यायचा, विक्री थांबवायची. मी मूळची नागभीडची. पहिली नेमणूक एटापल्लीकडे मिळाली तेव्हा घरचे म्हणाले, बापा, पोरीले जंगलात पाठवली! आणि मी? मी खुशीत होते. खरंच, नोकरीतली सगळ्यात आनंदाची वर्षं ती. सकाळी जीप निघायची, दोन्ही बाजूंना साग, बाजाराच्या गावी चहा, आणि "डॉक्टर बाई आल्या" म्हटल्यावर दुकानदारांची उडणारी धांदल — ती धांदल मला फार आवडायची. हे ध्यानात ठेवा.

हनीफभाईंची मात्र कधी धांदल उडाली नाही. बाजाराच्या गावात त्यांचं किराण्याचं दुकान. मागच्या पडवीत ते स्वतः खुराक बनवायचे — जवसाची ढेप, तुरीची चुनी, धानाचा कोंडा, मीठ, वरून थोडा गूळ. कंपनीची पोती विकली असती तर बसल्या जागी भागलं असतं. पण नाही! फावड्यानं कालवायचे, आणि प्रत्येक ढिगातली पहिली चिमूट स्वतःच्या तोंडात. "मले चाललं तं गाईले चालते," म्हणायचे, अन् दुसरी चिमूट माझ्यापुढे धरायचे. मी एकदा खाल्ली. वाईट नव्हती हो!

मग चैत्र आला, मोहफुलांचे दिवस. अंगणाअंगणात मोह वाळत पडलेला. घरं, रस्ते, माणसांचे कपडे, सगळ्याला तो गोड-आंबूस वास. अशातच एका बाजाराच्या दिवशी निरोप आला, गावातल्या जनावरांना काहीतरी झालंय. पोचते तर — माय बाई, काय ते दृश्य! एक गाय हापशीला टेकून उभी, डोळे अर्धे मिटलेले. दुसरी जरा सरळ चालायची की लगेच आडवी सरकायची. एक म्हातारा बैल भर रस्त्यात बसलेला, समोर एसटी खोळंबलेली, कंडक्टर बैलाला हात जोडतोय आणि बैल त्याच्याकडे बघायलाही तयार नाही! आज आठवलं की हसू आवरत नाही. त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. बाया रडत होत्या.

काय खाल्लं यांनी, मी विचारलं. कोणीतरी म्हणालं, हनीफभाईचा नवा खुराक. झालं! बाजार भरलेला, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. खरं तर गाईचं तोंड हुंगायला हवं होतं — कॉलेजातलं पोरगंही ते आधी करेल. पण वास तर अख्ख्या गावालाच येत होता, त्यात गाईचा वेगळा कसा — नाही, ही सबब झाली. मी हुंगलंच नाही. तडक दुकानावर गेले, पोती सील केली, पिशवीत नमुना भरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — याला बुरशी आहे, हा विकायचा नाही.  पडवीत उरलेल्या ढिगातली चिमूट हनीफभाईंनी सवयीनं उचलली, तोंडापर्यंत नेली आणि खाली टाकली.

मी जीपमध्ये बसणार तेवढ्यात सोमीबाई आली. गावातली वयस्कर गोंड बाई, कोणाच्याही बाळंतपणाला धावून जाणारी. मला झाडाआड नेऊन हळूच म्हणाली, "खुराकानं नाई झालं जी, बाई. नाल्यापाशी आमचा सडवा होता मडक्यात. साऱ्या गाई पेल्या ना तो! कोनाले सांगू नोका."

सडवा म्हणजे दारू गाळायला आंबवलेला मोह. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून मडकी नाल्याकाठी लपवलेली, आणि ती आमच्या गोमातांनी शोधून काढलेली! विष नाही, बुरशी नाही — गाई पिऊन तर्र होत्या! मी इतकी हसले की झाडाला धरून उभी राहिले. सोमीबाईही पदर तोंडाला लावून हसली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! एकही जनावर मरणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी उठली आणि शेपट्या हलवत आपापल्या घरी गेली.

आणि हनीफभाई?

इथेच — आठवताना दरवेळी इथेच मी थांबते. दुकान झाडापासून दिसत होतं. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, हनीफभाई, माझं चुकलं, तुमचा खुराक चांगला आहे. सोमीबाईचं नाव घ्यायची गरजच नव्हती, मडक्यांचंही नाही. गावात पोलीस येऊ नयेत म्हणून गप्प बसले, असं मी किती वर्षं स्वतःला सांगत आले! छे! भर बाजारात बोललेला शब्द मागे घेतला तर लोक म्हणतील, बाईले काही समजत नाही. त्याची लाज वाटली मला. दुसरं काही नाही. मी जीप काढायला लावली.

नमुना तपासायला पाठवलाच नाही. क्वार्टरमागे शेजाऱ्यांची गाय बांधलेली असायची, तिच्यापुढे ओतला. तिनं पिशवीसुद्धा चाटून काढली. आणि पुढच्या बाजारी मी हनीफभाईंना सांगितलं — बुरशीच निघाली, पण केस करत नाही, या वेळी सोडते. सोडते म्हणाले मी! ऐकताय ना? त्या माणसानं गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "लई उपकार झाले, बाई," म्हणाले. रिपोर्ट दाखवा, असं तेव्हाही म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत. सील केलेली पोती त्यांनी खड्ड्यात पुरली. त्यानंतर खुराक कधी कालवला नाही.

माझी बदली इकडे नागभीडला झाली, लग्न झालं, मुलं झाली. ओळख टिकली ती हनीफभाईंमुळे. परवा त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं, इथेच, नागभीडला, नवरदेवाच्या गावी. काय थाट! पोरं नाचतायत, आचारी ओरडतोय, नवरीच मैत्रिणींमध्ये खो-खो हसतेय. हनीफभाईंनी मला घरच्या माणसांत बसवलं. जेवता जेवता नवरदेवाच्या वडिलांनी सहज विचारलं, भाई, तुमच्या खुराकाचं एवढं नाव होतं, बंद काऊन केला? हनीफभाईंनी माझ्याकडे हात केला. चेहऱ्यावर केवढा अभिमान! "माह्या हातानं मुक्या जनावराईले जहर जाऊन राह्यलं होतं. या बाईनं वाचवलं. गाई बी वाचल्या, मी बी वाचलो."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. आता बोल, मी मनात म्हटलं. आनंदाचा दिवस आहे, आता तरी बोल. गाई पिऊन झिंगल्या होत्या हे ऐकून हनीफभाईच सगळ्यात मोठ्यानं हसतील — हसले असते ना?

"बाई, बिर्याणी अजून देऊ?" त्यांनी विचारलं.

मी ताट पुढे केलं. बिर्याणी फार छान झाली होती.

हनीफभाईंच्या खुराकात बुरशी नव्हती. कधीच नव्हती.